घुमटाआधी बाग

मुघल स्थापत्याची वैशिष्ट्ये कोणती, असे विचारले की उत्तर पाठ असल्यासारखे येते: फुगीर पांढरा घुमट, चार मिनार, टोकदार कमानी, दगडी जाळ्या, छत्र्या, लाल दगडावर संगमरवराची नक्षी. ही यादी खोटी नाही, पण तपासायला घेतली की तिच्यातली एकेक वस्तू मुघलांच्या हातून निसटू लागते. लाल वालुकाश्म आणि पांढऱ्या संगमरवराचा मेळ दिल्लीच्या अलाई दरवाजात १३११ मध्येच साधला होता, बाबर भारतात येण्याच्या दोनशे वर्षे आधी. संगमरवराने मढवलेली कबर मांडूला होशंगशाहसाठी पंधराव्या शतकात उभी राहिली. तिच्या दारावरचा एक लेख सांगतो की ताजमहालाशी नाव जोडले गेलेले उस्ताद हमीद आणि शाहजहानचे आणखी काही स्थापत्यकार १६५९ मध्ये ही वास्तू पाहायला आले होते. आपल्या आधीच्यांचे काम पाहण्यासाठी इतक्या मोठ्या माणसांनी वाट वाकडी करावी, ही मला फार मोलाची नोंद वाटते. छज्जे आणि छत्र्या ग्वाल्हेर-राजस्थानच्या राजवाड्यांत होत्या, जाळीचे काम गुजरातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत होते, आणि उंच मानेचा दुहेरी घुमट समरकंदला तैमूरच्या कबरीवर पंधराव्या शतकाच्या आरंभीच उभा राहिला होता. घुमट केवळ आकाराने मोजायचा झाला, तर शाहजहानच्याच काळात विजापूरला पूर्ण झालेला गोल घुमट ताजला सहज मागे टाकतो, आणि तो तर आदिलशाहीचा.

यादीतले बहुतेक सगळे उसने आहे, तर मग मुघल असे काय उरते? माझे म्हणणे असे, की मुघल स्थापत्याचे वेगळेपण सुट्या अवयवांत शोधले तर सापडत नाही, ते मांडणीत आहे. जमिनीचा एक मोठा तुकडा घ्यायचा, त्याला भिंत घालायची, मधोमध एक सरळ अक्ष टाकायचा, पाण्याचे पाट काढून त्याचे चार भाग करायचे, वाटा बागेच्या पातळीपेक्षा उंच ठेवायच्या आणि मग या आखणीने ठरवून दिलेल्या जागी, चौथऱ्यावर, इमारत उभी करायची. इमारत शेवटी येते. तिची उंची, तिचा रंग, तिच्या दगडाची प्रत हे सारे त्या आखणीतल्या तिच्या स्थानावरून ठरते. चारबाग म्हणून ओळखली जाणारी ही रचना इमारतीभोवतीची सजावट आहे असे आपण समजतो, तिथेच आपले पाहणे चुकते.

या गोष्टीची सुरुवात बाबरापासून होते. हिंदुस्थानात वाहते पाणी नाही, आखीव बागा नाहीत, ही त्याची तक्रार ‘बाबरनाम्या’त वाचायला मिळते. आग्र्यात त्याने हाती घेतलेल्या पहिल्या कामांमध्ये यमुनेपलीकडची बाग होती. धोलपूरला त्याने अखंड खडक कोरून कमळाच्या आकाराची कुंडे असलेली बाग करवून घेतली. काबूलमध्ये डोंगराचा उतार पाणी फुकट खाली आणून देतो. आग्र्याच्या सपाट जमिनीत ते विहिरीतून किंवा नदीतून वर ओढावे लागते, त्यासाठी बैल, रहाट आणि मोट लागते, मग टाक्या, मग उंचावरून नेलेले पाट. चारबाग मूळची इराण-तुराणची, तिच्यात मुघलांचे काय, हा आक्षेप म्हणूनच मला अर्धवट वाटतो. कल्पना त्यांनी आणली हे खरे. पण उताराच्या भरवशावर चालणारी बाग सपाट मैदानात चालवायची, तर तिच्यामागे एक आख्खी पाणीव्यवस्था उभी करावी लागते, आणि ती उभी करणारी मोट-रहाटाची विद्या इथली होती. पुढे काश्मीरमध्ये जहांगीरला पुन्हा उतार मिळाला, तेव्हा शालिमार बागेत हीच आखणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेली.

बागेच्या मधोमध कबर ठेवणे, आणि तेही इतक्या भव्य प्रमाणावर, हे निर्णायक पाऊल दिल्लीत हुमायूनच्या कबरीने टाकले. १५७० च्या सुमारास पूर्ण झालेली ही वास्तू हेरातकडून आलेल्या मीरक मिर्झा गियास या स्थापत्यकाराच्या नावावर आहे. बाग चार भागांत आणि प्रत्येक भाग नऊ चौकोनांत, असे छत्तीस चौकोन. त्यांतल्या मधल्या चारांची जागा कबरीच्या चौथऱ्याने व्यापलेली. चौथरा सुमारे सात मीटर उंच. वर मध्यभागी कबरीचे दालन आणि त्याला वेढून आठ खोल्या, म्हणजे बागेत जी विभागणी आहे तीच इमारतीच्या पोटात. दुहेरी घुमटाचे कारणही इथे नीट कळते. आतला घुमट खोलीच्या मापाने बेतलेला असतो, म्हणून खाली उभ्या माणसाला छत आवाक्याबाहेर गेल्यासारखे वाटत नाही. बाहेरचा घुमट बागेच्या मापाने बेतलेला असतो, म्हणून तो दरवाजातून, शेकडो पावलांवरूनही, भारदस्त दिसतो. दोन्ही घुमटांमधली पोकळी म्हणजे खोलीचे माप आणि बागेचे माप यांतला फरक. तंत्र तैमुरी असेल, पण या उपयोगामुळे ते मुघल झाले.

ताजमहालाकडे या नजरेने पाहिले की छायाचित्रांनी लावलेली सवय मोडते. आपण ताज म्हणतो ती पांढरी कबर मूळ प्रकल्पाचा एक भाग आहे. अब्दुल हमीद लाहोरी या दरबारी इतिहासकाराने ‘पादशाहनाम्या’त तिची मापे गजात दिली आहेत, आणि आधुनिक मोजणीतून संपूर्ण संकुलाची आखणी त्याच गजाच्या जाळीवर केलेली दिसते: लांबी जवळपास ९०० मीटर, रुंदी सुमारे ३०० मीटर. दक्षिणेला बाजार आणि सराया, आजचे ताजगंज. मग दरबारी लवाजमा थांबण्याचे मोकळे प्रांगण, मग मोठा दरवाजा, मग बाग, आणि शेवटी यमुनेच्या काठावरचा चौथरा. बाजार-सरायांचे उत्पन्न आणि आग्र्याजवळच्या ३० गावांचा महसूल कबरीच्या देखभालीला लावून दिलेला होता. कबर, बाग आणि बाजार यांचा हिशेब एकच होता, तसाच त्यांचा नकाशाही एकच.

या आखणीने किती कठोर शिस्त पाळायला लावली, याचा पुरावा कबरीच्या पूर्वेला उभा आहे. पश्चिमेला मशीद हवी, कारण भारतातून मक्केची दिशा पश्चिमेकडे. पण पश्चिमेला मशीद झाली की पूर्व बाजू रिकामी पडते. म्हणून तिकडे मशिदीसारखीच दुसरी इमारत बांधली. तिला जवाब म्हणतात. तिच्यात किब्ल्याचा कोनाडा नाही, नमाजासाठी ती वापरता येत नाही. पाहुण्यांसाठी तिचा उपयोग झाला असेल, पण तिथे ती असण्याचे मूळ कारण तोल हेच आहे. एवढी मोठी इमारत केवळ अक्षाच्या दोन बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून बांधणारे लोक घुमटाच्या सौंदर्यापुरता विचार करत नव्हते. दगडातही तीच शिस्त आहे. दरवाजा, मशीद, जवाब, भिंती, बागेतले मंडप हे सारे लाल दगडाचे, त्यांत पांढरा जागोजागी. अंगभर मकराण्याचा संगमरवर मात्र फक्त कबरीला आणि तिच्या मिनारांना. कोण किती महत्त्वाचे, हे दगडाच्या रंगावरून ओळखता यावे अशी ही योजना आहे. संपूर्ण संकुलात अक्षाला न जुमानणारी ठळक गोष्ट एकच, ती म्हणजे खुद्द शाहजहानची समाधी. मधली जागा मुमताजची. बादशहा नंतर तिच्या शेजारी आला आणि आखणीबाहेर पडला.

कारंज्यांचे उदाहरण तर मला सर्वांत बोलके वाटते. यमुनेचे पाणी बैलांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने वर चढवून टाक्यांत साठवत आणि नळांनी बागेत आणत. नळाच्या तोंडाशी दाब जास्त आणि टोकाला कमी, मग कारंजी कमीजास्त उंच उडणार. तसे होऊ नये म्हणून प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचे भांडे बसवले होते. पाणी आधी भांड्यात भरायचे आणि मग सगळी कारंजी एकाच वेळी, सारख्या उंचीने उडायची. समतोल दगडात आणणे सोपे, पाण्यात आणणे कठीण, आणि या माणसांनी त्याचाही विचार केला. नदीच्या पल्याड महताब बाग आहे. काळ्या ताजची दंतकथा जिथे रेंगाळते ती हीच जागा. १९९० च्या दशकातल्या उत्खननात तिथे काळी कबर मिळाली नाही, मोठे अष्टकोनी कुंड असलेली बाग मिळाली, ताजच्या अक्षावर नेमकी आखलेली. ताजची कबर बागेच्या मध्यावर न ठेवता टोकाला का ठेवली, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सुचते: नदी आणि पलीकडची बाग धरली तर ती टोकाला राहत नाही.

या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप फतेहपूर सिक्रीचा आहे. १५७१ पासून अकबराने वसवलेले आणि १५८५ मध्ये सोडलेले हे नगर मुघल कलेचे शिखर मानले जाते, आणि तिथे ना एक सलग अक्ष आहे, ना मोठी चारबाग, ना कबरीवर भव्य घुमट. इमारती खांब, तुळया, घोडे म्हणजे भार पेलणारे दगडी आधार, आणि छज्जे यांच्या. सुताराने लाकडात करावे ते पाथरवटाने लाल दगडात केलेले. गुजरात-राजस्थानच्या कारागिरांचा हात तिथे पावलोपावली दिसतो. मग मांडणीचा सिद्धान्त तिथे कोसळतो का? सिक्रीची टेकडी ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे तिरकी जाते. इमारती टेकडीच्या कलाने बसवल्या असत्या तर काम सोपे झाले असते. प्रत्यक्षात मशिदीपासून महालापर्यंत साऱ्या प्रमुख इमारती चार मुख्य दिशांना धरून, म्हणजे टेकडीला तिरक्या, एकामागे एक सरकवत मांडल्या आहेत. आणि अनूप तलाव पाहावा: चौकोनी कुंड, मधोमध चौथरा, चारी बाजूंनी त्यावर येणारे चार पूल. चारबागेतली माती काढून पाणी भरले तर हेच उरेल. दिवाण-ए-खास म्हटल्या जाणाऱ्या इमारतीत एकाच खांबावर ३६ घोड्यांनी तोललेले आसन आणि चार कोपऱ्यांतून त्याच्याकडे येणारे चार पूल आहेत. तीच आखणी हवेत उचलून धरलेली. सिक्रीत मांडणी सैल आहे, प्रयोगशील आहे हे मी मान्य करतो. शाहजहानच्या काळातली करडी सममिती तिथे शोधू नये. पण मध्य ठरवून चार दिशांनी त्याच्याशी येऊन मिळण्याचा विचार तिथेही आहे, आणि घुमट नसताना आहे, म्हणूनच तो पुरावा म्हणून अधिक बळकट आहे. सिकंदऱ्याला अकबराच्या कबरीवरही घुमट नाही. चारबाग मात्र आहे.

तरीही कोणती गोष्ट मुळातली आणि कोणती वरवरची, हे नेमके ठरवायचे कसे? चांगली कसोटी अशी की साधने कमी पडली तेव्हा बांधणाऱ्यांनी काय सोडले आणि काय धरून ठेवले ते पाहावे. ही कसोटी महाराष्ट्रात उपलब्ध आहे. छत्रपती संभाजीनगरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्यासाठी बांधला गेला. ती १६५७ मध्ये वारली आणि मकबरा १६६० च्या आसपास उभा राहिला. त्याला दख्खनचा ताज म्हणतात आणि लगेच गरिबाचा ताज म्हणून बाजूला सारतात. तुलना करणाऱ्यांचे निरीक्षण खोटे नाही. इमारत अंगाने सडसडीत आहे, मिनार तिच्या फार जवळ आल्यासारखे दिसतात, आणि ताजकडे पाहताना नजर जशी निवांत होते तशी इथे होत नाही. संगमरवर भिंतींच्या खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर आहे. मधल्या भागात आपला काळा दगड, त्यावर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यातली नक्षी.

पण काय धरून ठेवले ते पाहू. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आवार भिंतीने बंदिस्त केले. दक्षिणेला दरवाजा, त्यातून थेट कबरीकडे जाणारा अक्ष, अक्षावर कुंडे आणि कारंजी, बागेचे चार भाग, बाजूंच्या भिंतींत मंडप, मध्ये उंच चौथरा. संगमरवरावर काटकसर झाली, आवारावर झाली नाही. खर्च वाचवायचा असता तर बाग निम्मी करून सारा संगमरवर इमारतीवर लावणे शक्य होते. तसे कोणी केले नाही, कारण बागेशिवाय ती कबर त्यांच्या लेखी पुरी झाली नसती. एका बाबतीत तर इथली आखणी जुन्या नियमाकडे परत गेली आहे: हुमायूनच्या कबरीसारखी ही कबर आवाराच्या मध्यावर आहे. तिला ताजची फसलेली नक्कल म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतलेला नसतो. शेवटची मोठी मुघल धाटणीची कबर म्हणजे दिल्लीतली सफदरजंगची, १७५४ च्या सुमाराची. साम्राज्य तेव्हा खिळखिळे झाले होते, तिच्यासाठी रहीम खानखानाच्या कबरीचे दगड काढून आणल्याचे सांगतात. चारबाग मात्र तिथेही पूर्ण आखलेली आहे.

मकबऱ्याच्या दरवाजावर स्थापत्यकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे कोरलेली आहेत. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, म्हणजे ज्याच्याकडे ताजच्या आखणीचे श्रेय जाते त्याचा. याच अताउल्लाने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर करून ते शाहजहानला अर्पण केले होते. मुघल वास्तू परकी की देशी, या वादात दोन्ही बाजू कमानी आणि कमळे मोजत बसतात. त्यांनी या एका माणसाकडे पाहावे असे मला मनापासून वाटते. ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने खानदेशात पाटण येथे मठ स्थापन केला, त्यांचे गणित फारसीत नेणारा माणूस पुढे दख्खनमध्ये कबर आणि बाग आखतो. आखणी हे गणिताचे काम आहे आणि गणित कोणत्या दिशेने आले हे त्याने विचारले नाही.

उलट बाजूनेही हे पडताळता येते. पेशवाईतल्या वाड्यांत पाकळ्यांच्या महिरपी कमानी आहेत, सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आहेत, कारंजी आहेत. शनिवारवाड्यातले हजारी कारंजे तर प्रसिद्धच. हे सारे मुघल दरबारी शैलीतून आलेले आहे. तरी वाड्यात शिरलेल्या कोणालाही आपण मुघल इमारतीत आलो असे वाटत नाही. वाडा चौकाभोवती रचला जातो, एका चौकातून दुसऱ्या चौकात, वळणे घेत, आतल्या घरगुती जगाकडे जातो. अवयव मुघल आणि मांडणी मराठी असली की वास्तू मराठी ठरते. एखाद्या शैलीची ओळख कशात असते, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

आणखी एक आक्षेप स्थापत्याच्या बाहेरचा आहे, पण टाळता येणार नाही. मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला वारली तेव्हा दख्खन आणि गुजरात भीषण दुष्काळात होरपळत होते. सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेत पाहिलेल्या हालांचे वर्णन केले आहे. त्याच काळात ताजची पायाभरणी झाली. मग या समतोलाचे कौतुक करणे म्हणजे उपाशी माणसांकडे पाठ फिरवणे नव्हे का? खर्च कोणाच्या घामातून आला हे विसरून कौतुक करू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. ताजच्या लाल फरशांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा आहेत. चांदणी, बाण, मासा अशा. बहुतेकांची नावे राहिली नाहीत, खुणा राहिल्या. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, उलट तो पुढे नेतो. अक्षाच्या टोकाशी कोण, उंच चौथऱ्यावर कोण, पांढरा दगड कोणाला आणि लाल कोणाला, ही सगळी सत्तेची भाषा आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यात बादशहाचे आसन दरबाराच्या मध्यरेषेवर होते, सरदार आपापल्या दर्जानुसार कठड्यांच्या आत-बाहेर उभे राहत, आणि नहर-ए-बहिश्त नावाचा पाट बादशहाच्या खासगी महालांतून वाहत होता. जमीन आणि पाणी ज्याच्या हुकमाखाली, त्यालाच अशी मांडणी परवडते. दुष्काळातल्या माणसाला नेमक्या याच दोन गोष्टी नाकारल्या गेल्या होत्या, आणि हे सत्य घुमटापेक्षा बागेत अधिक स्पष्ट वाचता येते.

म्हणून या वास्तूंच्या जतनाचा प्रश्न मला काळजीचा वाटतो. आपण दगड सांभाळतो, आणि ते आवश्यकच आहे. पण ताजच्या बागेतली जुनी दाट झाडी इंग्रजी अमदानीत जाऊन तिथे सपाट हिरवळ आली. वाटांच्या उंचीचे प्रयोजन, फळझाडांचा शेंडा वाटेवरून चालणाऱ्याच्या नजरेजवळ यावा हे, त्याबरोबर हरवले. ताजगंज आता कोणाला ताजचा भाग वाटत नाही. दिल्लीत हुमायूनच्या कबरीची बाग २००३ पर्यंत पुन्हा नीट करण्यात आली: पाट मूळ पातळीवर आणले, जुन्या विहिरी उपसल्या, पावसाचे पाणी जिरवण्याची सोय केली आणि पाटांतून पाणी खेळू लागले. हे सगळे कबरीच्या दगडांच्या मोठ्या दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी झाले, आणि तो क्रम बरोबर होता. मकबऱ्यासाठीही तोच क्रम हवा. आधी पाण्याची जुनी वाट शोधणे, बागेचे चार भाग झाडांनी भरणे, अक्षावरची कुंडे वाहती करणे, आणि मग घुमटाच्या संगमरवराकडे वळणे. ताजशी त्याची बरोबरी व्हावी म्हणून हे करायचे नाही. अताउल्ला आणि हंसपत राय यांनी जे बांधले ते आवार होते, आणि आज त्यातली फक्त इमारत आपल्याला दिसते.